सिप्रो चालते, पण किती दिवस? पाउचायटिसचं एक प्रकरण

बाई (शाळेत त्यांना सगळे तेच म्हणतात, आपणही तेच म्हणू) मिरजेजवळच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतात. वय ३४. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आजाराचे आणि औषधांचे नाहीत. त्रास पाउचायटिसचा, म्हणजे मोठं आतडं काढल्यावर लहान आतड्यापासून केलेल्या पाउचला येणाऱ्या सुजेचा. आमच्याकडे आल्या तेव्हा आजारापेक्षा सल्ल्यांनी जास्त वैतागल्या होत्या. एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, सिप्रो (सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक) कायम चालू ठेवा. दुसरे म्हणाले, ताबडतोब बंद करा आणि महागडं इंजेक्शन सुरू करा. तिसऱ्यांचं म्हणणं, पाउच काढा, पोटावर शौच गोळा करणारी कायमची पिशवी लावून घ्या, सुटाल. तिघंही आपापल्या परीनं बरोबर होते, म्हणून तर गोंधळ होता.

मागचा इतिहास थोडक्यात. बाविसाव्या वर्षी अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण आणणारा जुनाट आजार. आधी मेसालामाइन, मग स्टिरॉइड, मग अझाथायोप्रिन, ही औषधांची नेहमीची चढण. सत्ताविसाव्या वर्षी आजार उसळला: दिवसाला वीसेक वेळा रक्ताचे जुलाब, ताप, खाली न येणारी नाडी. शिरेतून स्टिरॉइड देऊनही आजार हटेना, तेव्हा मोठं आतडं काढावं लागलं. पुढचं काम टप्प्याटप्प्यानं झालं. आधी पोटावर पिशवी, काही महिन्यांनी गुदाशय काढून पाउच, आणि पाउच जुळून आल्यावर पिशवी बंद.

पाउच म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग इंग्रजी जे (J) अक्षरासारखा दुमडून, त्याच्या १५ ते २० सेंटिमीटरच्या दोन बाजू स्टेपलरनं एकत्र जोडून तयार केलेली साठवणीची जागा. ती खाली गुदद्वाराला जोडतात, म्हणजे शौच नेहमीच्या वाटेनं होतं. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलातल्या ॲलन पार्क्स आणि जॉन निकोल्स यांनी १९७८ मध्ये ही शस्त्रक्रिया मांडली. हा जे (J) आकार १९८० मध्ये जपानच्या युत्सुनोमिया यांनी आणला. पाउच असलेल्या माणसानं चोवीस तासांत चार ते आठ वेळा जाणं नॉर्मल समजायचं. बाईंचं पहिलं वर्ष तसंच गेलं. दिवसा सहा-सात वेळा, रात्री एकदा. त्या पुन्हा शिकवायला लागल्या, कोल्हापूरला नणंदेच्या लग्नात दोन दिवस राहून आल्या.

मग पाउचला सूज आली.

टाचणवहीतल्या खुणा

शिक्षिका असल्यानं नोंद ठेवायची सवय होतीच. दाखवायला म्हणून त्यांनी फाइलीऐवजी आपली टाचणवही काढली. पुढच्या पानांवर आठवी-नववीचं टाचण, शेवटच्या पानांवर तासवार खुणा. दुसरा तास, एक. मधली सुट्टी, दोन. चौथा तास, एक. पाचव्या तासासमोर फक्त ‘आवरलं’ असं लिहिलेलं. शिक्षिकांचं स्वच्छतागृह ऑफिसच्या मागे, किल्ली शिपाईमामांकडे, आणि मामा नेमके घंटा द्यायला गेलेले. प्रॅक्टिकल असलं की आदल्या रात्रीपासून जेवण बंद. रात्री पॅड लावून झोपायचं, तरी दोन-तीनदा उठायचं.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दोन आठवडे दिली गेली. तिसऱ्या दिवशी आराम. यात काहीही चुकीचं नाही. तीव्र पाउचायटिसला पहिलं औषध अँटिबायोटिकच, सिप्रो किंवा मेट्रोनिडाझोल. कोलायटिससाठी पाउच केलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना कधी ना कधी एकदा तरी हा त्रास होतो आणि बहुतेकांचा तो अशाच कोर्सनं मिटतो. शेकडा दहा-पंधरा जणांत तो जुनाट होतो. बाई त्यांत होत्या.

दुसरा झटका, तिसरा झटका, दरवेळी तीच स्ट्रिप. मग गोळी थांबवली की आठवड्याभरात त्रास परत, म्हणून थांबवणंच थांबलं. दिवसाला एक गोळी, परीक्षेच्या दिवसांत दोन. चिठ्ठीशिवायही मेडिकलवाला देतो. दोन वर्षांहून जास्त काळ असा गेला. मिरज दवाखान्यांचं गाव आहे. तिथल्या माणसाला डॉक्टर शोधत फिरावं लागत नाही. तरी पिशवी बंद झाल्यापासून पाउचमध्ये एकदाही दुर्बीण गेलेली नव्हती.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथेच आहे. दीर्घकाळ अँटिबायोटिक देणं हा पाउचायटिसमध्ये मान्य उपाय आहे. अमेरिकन गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही, गोळीनं बरं वाटतं पण थांबवली की उलटतं अशा रुग्णांसाठी तो दिला आहे. पण तो निर्णय म्हणून घ्यावा लागतो: निदान पक्कं करून, धोके सांगून, कधी थांबायचं ते ठरवून. बाईंच्या बाबतीत तो कुणी घेतलाच नव्हता. गोळी लागू पडत होती, म्हणून कुणी काही विचारलं नाही.

हे पाउचायटिसच आहे का?

जुलाब, घाई, कळा या तक्रारी पाउचमध्ये अनेक गोष्टींनी होतात. खाली जोडाजवळ गुदाशयाची जी थोडी पट्टी उरते तिला सूज येऊ शकते. जोड अरुंद होऊ शकतो. ओटीपोटात जुना पू साठलेला असू शकतो. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जिवाणू असू शकतो, आणि तो तर अँटिबायोटिकनंच माजतो. क्रोन्ससारखा (आतड्याच्या भिंतीत खोलवर सूज आणणारा) आजार पाउचमध्ये उगवू शकतो. काही जणांचं पाउच दुर्बिणीतून अगदी स्वच्छ दिसतं, तरी ते चिडखोर असतं. त्यांना अँटिबायोटिक देणं व्यर्थ. आणि आपल्याकडे लहान आतड्याच्या शेवटी व्रण दिसले की क्षयाचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

क्षयाचा मुद्दा परदेशी लेखांत एका ओळीत उरकलेला असतो, म्हणून इथे जरा थांबतो. सिप्रो ज्या फ्लोरोक्विनोलोन गटातली, त्याच गटातली लिव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही औषधं प्रतिरोधी क्षयावर वापरतात. दडलेला क्षय असलेल्या माणसाला दोन वर्षं या गटातली गोळी एकटी देत राहिलं, तर क्षय बरा होत नाही. तो दबतो, उशिरा सापडतो आणि सापडतो तेव्हा औषधांना निर्ढावलेला असू शकतो.

दुर्बिणीत पाउचच्या आत लाली, दाणेदारपणा, स्पर्शाला झिरपणारं रक्त आणि छोटे व्रण दिसले. पाउचच्या वरचं आतडं स्वच्छ, जोड मोकळा, खालची पट्टी जवळपास ठीक. दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यांच्या तपासणीत (बायॉप्सीत) क्षयाची किंवा क्रोन्सची खूण नाही, सायटोमेगॅलो विषाणू नाही. डिफिसिलची चाचणी निगेटिव्ह. ओटीपोटाच्या एमआरआयमध्ये पू नाही, फिस्टुला (आतड्यातून बाहेर फुटलेली वाट) नाही. लक्षणं, दुर्बीण आणि तुकडा धरून १८ पैकी गुण द्यायची एक पद्धत आहे, त्यात ७ किंवा जास्त म्हणजे पाउचायटिस. बाईंचे ११ भरले. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन) ६४०, म्हणजे बरंच जास्त. हिमोग्लोबिन ९.२, लोहाचा साठा तळाला, बी-१२ कमी.

दोन गोष्टी मात्र यंत्रानं नव्हे, बोलण्यातून सापडल्या. गुडघे दुखतात म्हणून बाई आठवड्यातून तीन-चारदा असिक्लोफेनॅक घेत होत्या. अशा वेदनाशामकांनी पाउच भडकतं. ती बंद केली. दुसरी गोष्ट टाचेची. पायऱ्या उतरताना टाचेच्या मागे दुखायचं आणि शाळेतल्या सहकाऱ्यांनी हाड वाढल्याचं निदान परस्पर केलं होतं. दुखत होता तो टाचेवरचा स्नायुबंध, आणि सिप्रोचा तो सर्वज्ञात दुष्परिणाम आहे. क्वचित बंध तुटतोही. सिप्रो त्याच दिवशी बंद झाली. मेट्रोनिडाझोलचा मार्ग आधीच बंद होता, कारण ते घेताना तोंडाला धातूची चव आणि पायांना मुंग्या आल्या होत्या. चव गेली, मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत.

निघताना दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, “डॉक्टर, आणखी एक. आम्ही दोन वर्षं मुलासाठी प्रयत्न करतोय.” हे आधी कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारी उभे असलेले त्यांचे यजमान पंख्याकडे पाहत राहिले.

या एका वाक्यानं औषधांची सगळी यादी पुन्हा मांडावी लागली. ओटीपोटातल्या या शस्त्रक्रियेनंतर चिकटण्यांमुळे गर्भनलिका अडू शकतात. जुन्या अभ्यासांच्या एकत्रित हिशेबात वंध्यत्वाचं प्रमाण सुमारे तिप्पट निघालं, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ते कमी असावं. शस्त्रक्रियेआधी हे बाईंना कुणी सांगितल्याचं त्यांना आठवत नाही. जीव वाचवायच्या घाईत ते राहून गेलं असेल, हे समजू शकतो. नंतरच्या वर्षांत तरी सांगायला हवं होतं. आयव्हीएफचा मार्ग अशा स्त्रियांना खुला असतो, आणि दोन वर्षं वाट पाहिल्यावर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला आणखी उशीर करण्यात अर्थ नव्हता.

टेबलावर काय काय होतं

सासूबाईंचा उपाय आधी सांगतो, कारण घरात तोच सर्वांत जोरात होता: कुड्याची साल उगाळून ताकातून, आणि जेवायला फक्त मऊ भात. ताकाला माझी हरकत नव्हती. कुड्याच्या सालीचा पाउचवर काय परिणाम होतो याचा पुरावा माझ्याकडे नाही, आणि औषधांच्या परिणामाचा अंदाज घ्यायचा असताना मध्ये आणखी एक गोष्ट नको, एवढंच सांगितलं. मऊ भाताबद्दल मात्र भांडावं लागलं. भीतीपोटी बाईंनी फळं, डाळी, अंडी सगळं सोडलं होतं आणि वजन ४४ किलोवर आलं होतं. पाउचवाल्यानं मिरची, शेंगदाणे, कच्च्या कोशिंबिरी जपून खाव्यात हे खरं. पण आयुष्यभर पेजेवर राहा असं कुठलंही शास्त्र सांगत नाही. इस्रायलमधल्या एका अभ्यासात तर फळं कमी खाणाऱ्यांतच पाउचायटिस जास्त दिसला. पिकलं केळं, सोललेलं सफरचंद, मुगाचं वरण, रात्रीचं जेवण लवकर, पाण्यासोबत ओआरएस, आणि लोपरामाइड जेवणाआधी अर्धा तास. नुसत्या लोपरामाइडची वेळ बदलल्यानं पाचव्या तासाचा त्रास निम्मा झाला.

प्रोबायोटिकबद्दल सगळेच विचारतात. २००० साली इटलीतल्या बोलोन्याच्या गटानं ४० रुग्णांवर केलेली चाचणी गाजली: आठ जिवाणूंचं एक विशिष्ट मिश्रण घेणाऱ्यांपैकी नऊ महिन्यांत १५ टक्क्यांचा आजार उलटला, न घेणाऱ्या सगळ्यांचा उलटला. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण त्या रुग्णांची सूज आधी अँटिबायोटिकनं पूर्ण उतरवलेली होती. शिवाय ते मिश्रण, तो मोठा डोस आणि थंड साखळी हे सगळं जुळायला हवं. मेडिकलमध्ये जुलाबासाठी मिळणारी पुडी म्हणजे ते नव्हे. नेहमीच्या वापरात इतका फायदा दिसलेला नाही. बाईंचं पाउच शांत झालं तर पुढे टिकवण्यासाठी विचार करू, असं म्हणून ते बाजूला ठेवलं.

को-ॲमॉक्सिक्लॅव हा अँटिबायोटिकमधला उरलेला पर्याय, गरोदरपणातही चालतो. चार आठवडे दिला. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. म्हणजे बाई आता अँटिबायोटिकवर अवलंबून असलेल्यांच्या गटातून त्याला न जुमानणाऱ्यांच्या गटाकडे सरकत होत्या. मग बुडेसोनाइड ९ मिलिग्रॅम. हे आतड्यात काम करणारं स्टिरॉइड, अंगभर कमी पसरतं. सहा आठवड्यांत चांगला उतार, डोस कमी करताना पुन्हा चढ. बुडेसोनाइड खड्डा पार करायला चांगलं आहे, वर्षानुवर्षं घ्यायला नाही.

मग जैविक औषधं. वेडोलिझुमॅब पांढऱ्या पेशींना आतड्यात शिरू देत नाही, बाकी शरीराची प्रतिकारशक्ती फारशी हलवत नाही. पाउचायटिसवर नीट पारखलं गेलेलं हेच. २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्नेस्ट चाचणीत १०२ रुग्ण होते. १४ आठवड्यांना औषध घेणाऱ्यांपैकी ३१ टक्के आणि औषधाऐवजी सलाइन घेणाऱ्यांपैकी १० टक्के रेमिशनमध्ये होते, म्हणजे त्यांचा आजार शांत झाला होता. युरोपच्या औषध नियामकानं २०२२ मध्येच त्याला पाउचायटिससाठी मान्यता दिली होती. हे आकडे मी बाईंसमोर दोन्ही बाजूंनी वाचले. तिप्पट फायदा, हे खरं. दर दहांतल्या सात जणांना पूर्ण आराम पडला नाही, हेही तितकंच खरं. पहिल्या वर्षी शिरेतून द्यायची आठ इन्फ्युजन लागतात आणि हिशेब काही लाखांत जातो.

इन्फ्लिक्सिमॅब हे दुसरं जैविक औषध, त्याचा बायोसिमिलर (मूळ औषधाची जवळपास तशीच आवृत्ती) त्यामानानं स्वस्त. अनुभव बरा आहे, चाचणी पक्की नाही, आणि क्षय जागा होण्याचा धोका खरा. टोफासिटिनिबच्या गोळ्या भारतात जेनेरिक मिळतात आणि सर्वांत परवडतात. यजमानांनी कुठूनतरी चौकशी करून आणली होती. मूल हवं असताना ती नको, एका वाक्यात तो विषय संपला. दुसऱ्याच्या मळातले जिवाणू पाउचमध्ये सोडण्याच्या छोट्या चाचण्या झाल्या आहेत, फायदा ठळक दिसलेला नाही.

राहिली पिशवी. याबद्दल बाई रडल्या, आणि मला वाटतं हाच पर्याय आपल्याकडे सर्वांत वाईट पद्धतीनं मांडला जातो, धमकीसारखा. वर तात्पुरती पिशवी करून पाउचला विश्रांती देता येते. पाउच काढून टाकणं ही त्यापुढची, मोठी शस्त्रक्रिया. यजमान हळूच म्हणाले, “पिशवी होती तेव्हा ही रात्रभर झोपायची.” बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “झोपायचे. पण हळदीकुंकवाला कुणाकडे गेले का?” दोघांचंही म्हणणं मी फाइलवर लिहून ठेवलं. त्यांना पिशवी असलेली एक नोकरदार बाई भेटवली. पाउचबद्दल काही ठरवायच्या आधी हे व्हायला हवं, नंतर नव्हे.

ठरलं ते असं

वेडोलिझुमॅब, १४ आठवड्यांनी दुर्बीण, आणि तेव्हा फरक नसेल तर पैसे ओतत न राहता सर्जनची भेट. तारीख आधीच लिहून ठेवली, म्हणजे ‘चाललंय तर चालू दे’ पुन्हा सुरू होणार नाही.

सुरुवातीलाच अडथळा. क्षयाची रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली. एक्स-रे स्वच्छ होता, खोकला-ताप नव्हता. आपल्याकडे हे नेहमीचं आहे. वेडोलिझुमॅबवर क्षयाचा धोका कमी, तरी बुडेसोनाइड चालू होतं आणि पुढे इन्फ्लिक्सिमॅबकडे वळायची वेळ येऊ शकत होती. म्हणून प्रतिबंधक आयसोनियाझिड सहा महिने, आणि पहिलं इन्फ्युजन एका महिन्यानं. आयसोनियाझिडनंही पायांना मुंग्या येतात आणि बाईंच्या मुंग्या अजून होत्या, त्यामुळे सोबत पायरिडॉक्सिन (बी-६ जीवनसत्त्व) न चुकता, आणि बी-१२ची इंजेक्शनंही. लोह शिरेतून दिलं. मुलासाठीचे प्रयत्न तोवर थांबवले. तो काळ स्त्रीरोगतज्ज्ञांच्या तपासण्यांत गेला आणि एक नलिका बंद असल्याचं कळलं.

पैशाचं गणित सोपं नव्हतं. कंपनीच्या सवलत योजनेतून काही भार हलका झाला, उरलेल्यासाठी यजमानांनी ट्रॅक्टर घेणं पुढे ढकललं. हा तपशील वैद्यकीय नियतकालिकात आला नसता. इथे येतोय, कारण औषध लागू पडलं का, हे विचारताना घरातलं प्रत्येक माणूस त्या ट्रॅक्टरचाही विचार करत होतं.

चौदाव्या आठवड्यात सात-आठ वेळा, रात्री एकदा. बुडेसोनाइड बंद झालेलं. दुर्बिणीत लाली कमी, व्रण दोन-तीन उरलेले. लक्षणं आणि दुर्बीण यांचे १२ पैकी गुण आठवरून चारवर, कॅलप्रोटेक्टिन २१०. चाचणीच्या व्याख्येनं याला रेमिशन म्हणतात. बाईंच्या व्याख्येनं नाही. त्यांची व्याख्या सलग दोन तास वर्गात उभं राहता येणं ही आहे, आणि ते आठवड्यातून चारेक दिवस जमतं. वजन ४९. टाच दुखत नाही. दिवाळीच्या सुट्टीत एकदा त्रास वाढला, तो को-ॲमॉक्सिक्लॅवच्या दोन आठवड्यांच्या कोर्सनं उतरला. सिप्रो घरात नाही.

औषध चालू ठेवायचं ठरलं आहे. आयसोनियाझिडचा कोर्स पूर्ण झाला, आयव्हीएफची पहिली फेरी उन्हाळ्याच्या सुट्टीत घ्यायची आहे. वेडोलिझुमॅब गरोदरपणात चालू ठेवता येतं असा आजवरचा अनुभव आहे, आणि दिवस गेलेले असताना पाउच भडकणं त्याहून जास्त धोक्याचं. प्रसूती सिझेरियननं करायची का, हे सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ एकत्र बसून ठरवतील. आठव्या इन्फ्युजननंतर पुन्हा दुर्बीण आहे. व्रण तसेच राहिले तर दोन इन्फ्युजनमधलं अंतर आठ आठवड्यांवरून चारवर आणायचं की नाही, हा प्रश्न येईल. त्यानं खर्च दुप्पट होतो. बाईंनी त्यावर आपलं उत्तर टाचणवहीत आधीच लिहून ठेवलं आहे: नाही, तेव्हा पिशवीचं बोलू.